भाषा ही बुद्धीची बंदिशाळा आहे काय?

ज्या कल्पनेला भाषेत शब्द नाही ती कल्पना त्या भाषकाच्या मनात उद्भवूच शकत नाही, हे मत आपल्या सुशिक्षित वर्गात इतके रूढ झाले आहे की त्याला पुरावा मागण्याची आवश्यकताही आता कोणास वाटत नाही. मराठीत शास्त्रीय विचार होणे नाही असे एखादा पदवीधर ठासून सांगतो, किंवा वारली अथवा कोरकू बोलणाऱ्या मुलांस अमूर्त विषय पेलणार नाहीत असे एखादा शिक्षक निःशंकपणे म्हणतो, तेव्हा त्यांच्या मुखाने बोलविता धनी हेच मत असते; आणि त्याचा उपसर्ग कोवळ्या मुलांना पोचतो म्हणूनच त्याचे खंडन करणे मला अगत्याचे वाटते.

या मताचा सर्वांत प्रसिद्ध पुरस्कर्ता बेंजामिन ली व्होर्फ हा अमेरिकेतील एका अग्निविमा कंपनीचा निरीक्षक. ॲरिझोनातील होपी लोकांच्या भाषेचा अभ्यास त्याने मुख्यतः न्यूयॉर्क शहरी राहणाऱ्या एका होपी गृहस्थाच्या साहाय्याने केला, आणि त्या भाषेत काळाचा निर्देश करणारे शब्द वा रूपे नाहीत, सबब होपी मनुष्यास आपल्यासारखी कालकल्पना नाही, असा निष्कर्ष काढला. व्होर्फची विद्वत्ता निःसंशय होती. जगातील यच्चयावत भाषा युरोपीय व्याकरणाच्या चौकटीत कोंबणाऱ्यांना त्याने दिलेला इशारा आजही शिरोधार्य आहे. परंतु एकेहार्ट मालोत्की याने होपी भाषकांत वर्षानुवर्षे काम करून १९८३ साली ६०० हून अधिक पृष्ठांचा जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात दिवस, महिने, ऋतू आणि क्रियापदांची भविष्यवाचक रूपे यांचे इतके दाखले आहेत की मूळ विधानाचा पायाच उखडला जातो. शिवाय, क्षितिजावरील कोणत्या टेकाडावरून वा खिंडीतून सूर्य वर येतो यावर नित्य नजर ठेवून मक्याच्या पेरणीचा आणि हिवाळ्यातील उत्सवाचा दिवस मुक्रर करणारा सूर्यनिरीक्षक ज्यांच्या गावी परंपरेने असे, त्या लोकांना काळ उमगत नाही असे म्हणावयास, त्यांच्या शेताकडे ढुंकूनही न पाहता केवळ व्याकरणावरून मनाचा पंचनामा करण्याची सवय असावी लागते.

आता दुसरा पक्ष. सर्व भाषा अंतर्यामी एकच, असे सांगणाऱ्यांनीही अतिरेक केला आहे. जोसेफ ग्रीनबर्ग याने १९६३ साली ३० भाषांच्या आधारे ४५ सार्वत्रिक नियम मांडले, आणि त्यांपैकी पुष्कळांना त्याने स्वतःच ‘बहुधा’ची मर्यादा घातली, ती मर्यादा त्याच्यामागून येणाऱ्यांनी मात्र अनेकदा सोडून दिली. वाक्यात कर्ता कर्माच्या आधी येतो हा नियम बहुसंख्य भाषांत आढळतो खरा, पण ब्राझीलमधील हिश्कारयाना भाषेत कर्म प्रथम, मग क्रियापद आणि शेवटी कर्ता असा सहज क्रम आहे. तेव्हा मानवी भाषांचे ऐक्य अशा नियमांच्या यादीत शोधण्यात हशील नाही. ते पाहावयाचे तर निकाराग्वात पाहावे. १९७७ च्या सुमारास मानाग्वा येथे घरोघरची बहिरी मुले प्रथमच एका शाळेत एकत्र आली. शिक्षक त्यांना ओठांच्या हालचालींवरून स्पॅनिश शिकवीत राहिले, आणि मुलांनी इकडे मधल्या सुट्टीत, बसगाडीत, एकमेकांचे हातवारे जुळवीत स्वतःची खूणभाषा उभी केली, जिचे व्याकरण मागाहून आलेल्या लहानग्यांनी अधिकच रेखीव केले. कोणीही न शिकवता भाषा रचणारी ही शक्ती मनुष्यमात्राची आहे, आणि वारली मुलाकडे ती कमी आहे असे दाखविणारा एकही पुरावा कोणी पुढे ठेवलेला नाही.

मग भाषेचा मनावर काहीच संस्कार होत नाही काय? होतो, आणि खोल होतो. ज्या भाषेतून १७७० साली कॅप्टन कुकच्या मंडळींनी ‘कांगारू’ हा शब्द उचलला, त्या क्वीन्सलंडमधील गूगू यिमिधिर भाषेत वस्तूचे स्थान डावे-उजवे म्हणून सांगण्याची रीत नाही. ते पूर्व-पश्चिमेनेच सांगावे लागते. तेथील एका वृद्धाने समुद्रात होडी उलटल्याची आपली कथा अभ्यासकांना दोन वर्षांच्या अंतराने दोनदा सांगितली. पहिल्या वेळी तो पश्चिमाभिमुख बसला होता, म्हणून होडी कलंडल्याचे दाखविताना त्याचे हात अंगापासून पुढे गेले. दुसऱ्या वेळी तो उत्तराभिमुख होता, तेव्हा तेच हात उजवीकडून डावीकडे वळले. दोन्ही वेळा होडी पूर्वेकडून पश्चिमेकडेच उलटली. प्रत्येक वाक्यागणिक दिशेचा हिशेब मागणारी भाषा लहानपणापासून मुखी असल्यावाचून अशी स्मृती घडत नाही, असे मी मानतो.

रोमान याकोब्सनने म्हटल्याप्रमाणे, भाषांतील खरा भेद काय सांगता येते यात नसून काय सांगणे भागच पडते यात आहे. आपल्याच दुय्यम निबंधकाच्या कचेरीत जमिनीचे खरेदीखत होते तेव्हा दस्तऐवजात चतुःसीमा लिहावी लागते, आणि पाहुण्याला डाव्या हाताची वाट सांगणारा शेतकरी तेथे पूर्वेस अमक्याचा गट, दक्षिणेस ओढा, असे न अडखळता सांगत जातो. बुद्धी दोघांची एकच. याला ही सक्ती खरेदीखतापुरती, आणि त्या वृद्धाला ती होडीच्या गोष्टीतही सुटलेली नाही.