समजून घ्या : लॅबमध्ये चालणारा ‘सी’ प्रोग्रॅम बाहेर का अडतो?

धुळ्यात इंजिनीअरिंगला असताना आमच्या लॅबमध्ये टर्बो सीचा निळा पडदा होता. प्रत्येक प्रोग्रॅमची सुरुवात ‘कोनिओ डॉट एच’ने. पुण्यात नोकरीच्या ऑनलाइन चाचणीत सवयीने तेच लिहिले आणि पहिल्याच ओळीवर एरर आली. ती हेडर फाइल डॉसच्या काळातल्या कंपायलरची. सीच्या मानकात ती कधीच नव्हती. चार वर्षांत हे कुणी सांगितले नव्हते.

मानक म्हणजे भाषेची लिखित नियमावली. अमेरिकेत ती १९८९ मध्ये ठरली, १९९० मध्ये आयएसओने स्वीकारली. (जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले तेही त्याच वर्षी.) पुढे १९९९, २०११, २०१८ आणि २०२४ मध्ये नव्या आवृत्त्या आल्या. शेवटच्या दोघींना सी१७ आणि सी२३ म्हणतात.

एरर आली तर निदान कळते तरी. चुकीचे उत्तर गुपचूप येते, ते जास्त वाईट. क्विंटलला हजार रुपये भावाने ४० क्विंटल केळीचे किती? ४० हजार. पण टर्बो सीमध्ये ‘इंट’ दोन बाइटचा, ३२,७६७ पर्यंतच मोजणारा. तिथे उत्तर येते उणे २५,५३६. म्हणजे माल देऊन वर शेतकऱ्याकडेच बाकी! आजच्या जीसीसीवर ‘इंट’ सहसा चार बाइटचा, म्हणून हिशेब बरोबर येतो.

जुने सॉफ्टवेअर नव्या लिनक्सवर बांधतानाही हीच अडचण येते. आधी जाहीर न केलेले फंक्शन वापरले, तर जीसीसी पूर्वी फक्त इशारा देई; २०२४ च्या १४व्या आवृत्तीपासून थेट एरर देते. २०२५ ची १५वी आवृत्ती तर, वेगळे सांगितले नाही, तर सी२३ धरूनच चालते. त्यात ‘बूल’ हा राखीव शब्द आहे. त्याच नावाचा प्रकार स्वतः बनवणारा जुना कोड तिथे अडतो. कंपाइल करताना ‘जीएनयू१७’ हा मानकाचा पर्याय दिला, की बहुतेक वेळा ही दुसरी अडचण सुटते. इंटचा आकार मात्र त्याने बदलत नाही.

खानदेशातल्या कॉलेजांनी जर्नलमध्ये प्रत्येक प्रात्यक्षिकावर कंपायलरचे नाव आणि मानकाचे वर्ष लिहायला लावावे. याला खर्च नाही. जीसीसीही मोफत आहे आणि आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये त्यावरचे सीचे धडे मराठीतून आहेत.