बांधावरची कळलावी

मृगाच्या सरी पडून आठ-पंधरा दिवस झाले कीं, आमच्याकडे सह्याद्रीच्या पायथ्याच्या गांवीं करवंदीच्या व निवडुंगाच्या कुंपणांतून एक कोंवळा वेल डोकें वर काढतो. त्याच्या पानाच्या टोंकास पीळ पडून आंकडा होतो व त्या आंकड्यानें तो शेजारची फांदी धरून चढतो. श्रावण-भाद्रपदांत त्यास फुलें येतात. सहा पाकळ्या, कडा नागमोडी, सर्व मागें वळलेल्या. आरंभीं हिरवट पिवळ्या व अखेरीस निखाऱ्यासारख्या लाल. हीच कळलावी. कोठें हिला खड्यानाग म्हणतात, कोठें वाघनखी. संस्कृतांत अग्निशिखा व लांगली. लांगल म्हणजे नांगर. जमिनींतला तिचा वांकडा कंद ज्यानें पाहिला, त्यास हें नांव कां पडलें तें सांगावयास नको.

ही घरांत आणल्यास भांडणें लागतात, असा समज आहे. महसूल खात्यांत कारकुनी करितांना बांधाच्या तंट्यांचे कागद माझ्या हातांखालून पुष्कळ गेले. परंतु एकाही पंचनाम्यांत कळलावीचें नांव आढळलें नाहीं. अडलेल्या बाईच्या नाभीवर व तळव्यांवर हिचा कंद उगाळून लावण्याची चाल जुनी आहे; तेव्हां नांवांतली कळ ती प्रसूतीची असावी, असें माझें मत आहे.

आमचे लोक हिला भितात तें योग्यच, पण भलत्याच कारणासाठीं भितात. हिच्या सर्वांगांत कोल्चिसीन नांवाचें विष आहे. कंदांत व बियांत विशेष. रताळें समजून कंद खाल्ल्यानें माणसें दगावलीं आहेत. तेंच द्रव्य वैद्यकशास्त्र गाऊट नांवाच्या सांधेदुखीवर अगदीं अल्प प्रमाणांत देतें. आणि बिनबियांचें कलिंगड निर्माण करण्याच्या कामीं बीजसंशोधकांनीं त्याचाच उपयोग केला.

म्हणून हिला गिऱ्हाईक आहे. चार वर्षांपूर्वीं आमच्या गांवीं एक खरेदीदार आला व पोरांस थोडेबहुत पैसे देऊन बांधाबांधांवरचे कंद खणवून घेऊन गेला. पुढच्या पावसाळ्यांत कुंपणें ओकीबोकी दिसलीं. जी वेल भांडणाच्या भयानें कोणी दारांत लावीत नाहीं, ती उपटून विकतांना मात्र कोणाचा हात कचरला नाहीं! माझें म्हणणें इतकेंच कीं, विकावयाचें तें लावून विकावें. तामिळनाडूंत करूर, दिंडीगल या बाजूचे शेतकरी बियांसाठीं हिचें पीक घेतात, व हिचें फूल हें त्या राज्याचें राज्यपुष्प आहे.

लावणीस जमीन तांबडी, निचऱ्याची हवी. चिकण काळींत कंद कुजतो. बियांपासून रोप होतें, पण फुलण्यास तीन-चार वर्षें लागतात. यास्तव कंदच लावावा, व तो निदान ५० ग्रॅम वजनाचा असावा. कंदाच्या प्रत्येक फांट्यास टोंकाशीं एकच डोळा असतो व तो फार ठिसूळ. मीं प्रथम २० कंद रताळ्यांसारखे पाटींत ओतून शेतांत नेले, ११ उगवले. त्यापुढें गवताच्या थरांतून एकेक उचलून नेतों. मृगाच्या तोंडावर चार बोटें खोल, आडवा लावावा व वर चढावयास काटक्या किंवा तार द्यावी.

फुलांतली पुंकेसरांपासून दूर, काटकोनांत वळलेली बारीक नळी ध्यानांत ठेवावी. बियांचें सारें गणित तिच्यापाशीं आहे. सकाळीं दुसऱ्या वेलाच्या फुलांतील पराग हलक्या हातानें तिच्या टोंकास लावल्यास शेंगा चांगल्या धरतात; वाऱ्यावर व किड्यांवर हवाला ठेवल्यास फूल शोभेपुरतेंच राहतें. शेंगेचा हिरवा रंग फिका पडून साल सुरकुतली कीं, ती तडकण्यापूर्वीं तोडून सावलींत वाळवावी.

मात्र खरेदीदार व भाव ठरल्यावांचून गुंठ्याभरापलीकडे जाऊं नये. गुरें व पोरें आंत जातील अशा जागीं लावूं नये, व कामानंतर हात स्वच्छ धुवावे. वेल वाळला म्हणजे जुना कंद चिपाडासारखा होऊन त्याच्या जागीं नवा मिळतो. माझे कंद मी उन्हाळ्यांत कोरड्या वाळूंत, कांदे-रताळ्यांच्या खोलीपासून दूर कुलुपांत ठेवतों. आणि किल्ली घरांत कोणाच्याही हातीं देत नाहीं.