बिल पुरते निघावे, नाही तर निघूच नये



उसाचे बिल म्हणजे एकच नोंद नव्हे. टनेजाला दर लावून रक्कम सभासदाच्या खाती जमा करायची, त्यातून सोसायटीची वसुली कापायची, ती सोसायटीच्या खाती घालायची, बिलाचा नंबर पुढे सरकवायचा. हे सगळे मिळून एक व्यवहार. मध्येच प्रोग्राम अडकला, तर संगणकाने झालेल्या नोंदी मागे घ्यायच्या. याला रोलबॅक म्हणतात. पण कधी कधी रोलबॅक होऊनही अर्धे तसेच राहते. वसुली कापलेली, जमेचा मात्र पत्ता नाही! मग सभासदाने हेलपाटे घालायचे आणि टेबलावरून उत्तर मिळायचे, ‘संगणकच तसं दाखवतोय.’ हे उत्तर आम्हांस मान्य नाही.

आयबीएमच्या एएस/४०० या मध्यम आकाराच्या संगणकाचे उदाहरण घेऊ. तो १९८८ साली आला. आज त्याच घराण्यातली प्रणाली ‘आयबीएम आय’ नावाने चालते. हे यंत्र जर्नल ठेवते. जर्नल म्हणजे त्याची रोजकीर्दच म्हणा ना! यंत्राला जेवढे बांधून दिले, तेवढेच ते मागे घेते. म्हणून अर्धवटपणाची कारणे बहुधा तीन ठिकाणी सापडतात.

एक, प्रोग्रामने एखादी फाइल ‘कमिटमेंट कंट्रोल’खाली उघडलेलीच नसते; तिच्यातला बदल तसाच राहतो. दोन, बिलाचा एक प्रोग्राम एका ‘अ‍ॅक्टिव्हेशन ग्रुप’मध्ये आणि वसुलीचा दुसऱ्यात चालतो, दोघांचे व्यवहार वेगळे धरले जातात, एकाचा रोलबॅक दुसऱ्याला लागत नाही. तीन, बिलाचा नंबर ‘डेटा एरिया’त ठेवलेला असेल तर तो मागे येत नाही, छापून निघालेली स्लिपही नाही.

तेव्हा घाईने बिल पुन्हा चालवू नये. वसुली दुबार होईल. हाताने आकडा दुरुस्त करू नये. पुरावाच पुसट होईल. आधी जर्नल उघडावे. व्यवहारात बांधलेल्या नोंदींवर त्या व्यवहाराचा क्रमांक असतो, बाहेरच्या नोंदींवर तो शून्य दिसतो. चोर तिथेच सापडतो.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने ऊस पोचल्यापासून चौदा दिवसांत पैसे देण्याची मुदत घातली. त्या घाईत चूक शोधायला सवड कुठली? म्हणून आमचे म्हणणे असे, की यंत्र कोणतेही असो, गळीत सुरू होण्याआधी हिशेबाच्या नकलेवर बिल चालवून मुद्दाम मध्येच बंद पाडावे आणि प्रत्येक खाते पूर्ववत झाले का, ते ताडून पाहावे. वजनकाटा आपण हंगामाआधी तपासून घेतो. मग बिलाच्या यंत्राला सूट का?

संचालक मंडळाने याचा विचार करावा आणि सभासदांनीही वार्षिक सभेत हा प्रश्न जरूर विचारावा.