एन्क्रिप्शन खरंच फुटलं का? आधी संख्या किती अंकी ते बघा

‘चीनने लष्करी दर्जाचं एन्क्रिप्शन फोडलं!’ ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा हेडलाइन्स जगभर फिरल्या. तेव्हापासून क्वांटम कॉम्प्युटरची तशीच एखादी बातमी अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर येतेच. अशा बातमीत मी आधी एकच गोष्ट शोधतो: फोडलेली संख्या किती मोठी होती?

त्या बातमीतली संख्या होती २२ बिटची. शांघाय विद्यापीठातल्या संशोधकांनी डी-वेव्ह कंपनीच्या मशीनवर तिचे अवयव काढले. २२ बिट म्हणजे ४२ लाखांच्या आतली संख्या. तिचा लहान अवयव २०४८ च्या आतच असणार, आणि तिथपर्यंत मूळ संख्या आहेत फक्त ३०९. तुमचा फोन हे काम पापणी लवायच्या आत करेल. शोधनिबंधात गैर काही नव्हतं, हेडलाइनमध्ये होतं.

खरं आव्हान आहे आरएसए-२०४८ नावाच्या संख्येचं. २५१९५९... अशी सुरू होणारी ही संख्या ६१७ अंकी आहे. दोन प्रचंड मूळ संख्यांचा हा गुणाकार आरएसए लॅबोरेटरीजने स्पर्धेसाठी जाहीर केला होता. बक्षीस २ लाख डॉलर. २००७ मध्ये स्पर्धा बंद झाली, पण अवयव काही कोणाला सापडले नाहीत. बँकांच्या वेबसाइट्सच्या सर्टिफिकेटमध्ये अनेकदा याच आकाराची संख्या असते, म्हणून हिच्यावर सगळ्यांचा डोळा.

गंमत अशी की हिच्याबद्दल आपल्याला बरंच काही माहीत आहे. अंकांची बेरीज २७३८, म्हणजे शाळेतल्या कसोटीने ३ ने भाग जात नाही. ती संयुक्त आहे हेही अवयव न शोधता सिद्ध करता येतं. विषम मूळ संख्या घ्या, तिच्यातून १ वजा करा, २ चा तेवढा घात काढा आणि मूळ संख्येनेच भागा: बाकी १ यायलाच हवी. हा फर्माचा नियम. आरएसए-२०४८ ला बाकी १ येत नाही, म्हणजे ती मूळ नाही. माझ्या लॅपटॉपवर पायथॉनची एक ओळ, आणि उत्तर एका सेकंदाच्या आत. (संख्या मूळ आहे की नाही हे ठामपणे आणि झटपट ठरवता येतं, हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलं. आपल्याकडे याचं कौतुक कमीच झालं.)

म्हणजे ही संख्या तुटते हे नक्की माहीत, पण कुठे तुटते ते माहीत नाही. सगळी सुरक्षा या फटीत बसली आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये २५० अंकी आरएसए-२५० फोडली, तेव्हा प्रोसेसरच्या एकाच कोरवर सुमारे २७०० वर्षं चालेल एवढं काम लागलं. ६१७ अंक त्याच्या अडीचपट वाटतात, पण कष्ट अडीचपट नाही, अब्जावधी पटींनी वाढतात.

मग निवांत बसायचं का? मला तसं वाटत नाही. आरएसए-२०४८ फोडायला २ कोटी क्यूबिट आणि आठ तास लागतील, असा अंदाज २०१९ मध्ये मांडला गेला. मे २०२५ मध्ये गूगलच्या क्रेग गिडनी यांनी तो १० लाखांपेक्षा कमी क्यूबिट आणि आठवड्याहून कमी वेळ, इतका खाली आणला. गूगलच्या विलो चिपमध्ये क्यूबिट आहेत १०५, त्यामुळे अंतर अजून मोठंच आहे. पण नवीन मशीन न बनवता, फक्त गणित सुधारून अंदाज वीसपट उतरला, हे मला त्या चिनी बातमीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

शिवाय आजचा डेटा साठवून ठेवून दहा-पंधरा वर्षांनी उघडता येतो. ओटीपी तोवर निरुपयोगी होईल, पण मेडिकल रिपोर्ट आणि खासगी चॅट नाही. म्हणूनच अमेरिकेच्या निस्ट संस्थेने ऑगस्ट २०२४ मध्ये नवे मानक जाहीर केले, जे अवयवांच्या गणितावर अवलंबून नाहीत. सिग्नलने २०२३ मध्ये, अ‍ॅपलच्या आयमेसेजने २०२४ मध्ये अशी पद्धत आणली. क्रोममध्येही ती आहे, पण समोरच्या सर्व्हरलाही ती येत असेल तरच चालते. आणि ज्या जुन्या फोनवर क्रोमचे अपडेट थांबलेत, त्यांच्यापर्यंत ती पोचणारच नाही.