प्रजातींचा सुकाळ

वृत्तपत्रीय मराठीत 'प्रजाती' या शब्दाची अतोनात पैदास झाली आहे. हापूस ही आंब्याची प्रजाती, देवणी ही गाईची प्रजाती आणि वनपिंगळा ही घुबडाची प्रजाती! यांतील हापूस हा वाण, देवणी ही पाळीव गुरांची पैदास आणि वनपिंगळा ही जीवशास्त्रीय अर्थाने जाती. तीन निरनिराळ्या गोष्टींना एकच शब्द लावला जातो, आणि विज्ञानाचे अध्यापक ही भाषेची बाब म्हणून, तर भाषेचे अध्यापक ती विज्ञानाची बाब म्हणून सोडून देतात. आम्ही मराठी शिकवतो. आमच्या मते ही बाब भाषेचीच आहे.

शालेय पाठ्यपुस्तकातली उतरंड स्पष्ट आहे: सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती आणि सर्वांत शेवटी जाती. लिनियसने १७५३ साली वनस्पतींना व १७५८ साली प्राण्यांना सरसकट दोन पदांची नावे दिली. त्यातले पहिले पद प्रजातीचे, आणि दुसरे जोडले की जाती ठरते. वड, पिंपळ आणि उंबर या तीन जाती. तिघांची प्रजाती एक, फायकस. आपल्या धर्मकल्पनांनी तिघांना वेगवेगळे देव वाटून दिले, वनस्पतिशास्त्राने मात्र त्यांना एका आडनावाखाली आणले. 'प्रजाती' शब्द जातीसाठी खर्ची घातला, तर या आडनावाला काय म्हणणार?

वनपिंगळ्याचेच पाहा. ह्यूमने १८७३ साली त्याचे वर्णन केले ते हेटरोग्लॉक्स या स्वतंत्र प्रजातीत. १८८४ नंतर त्याचा खात्रीलायक पुरावा मिळेना; तो नामशेष झाला असावा, असे पुष्कळांनी धरले होते. १९९७ साली शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला. पुढे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने त्याचे स्थान नेहमीच्या पिंगळ्याच्या अथीनी या प्रजातीतच असल्याचे दाखवले. म्हणजे प्रजाती बदलली, जाती तीच राहिली. हे साधे वाक्य वृत्तपत्रीय मराठीत लिहून पाहावे: 'या प्रजातीची प्रजाती बदलली, पण प्रजाती तीच राहिली.'

हिंदी वृत्तपत्रांचे अनुकरण हे या गोंधळाचे एक कारण असावे. दुसरे अधिक नाजूक आहे. सुशिक्षितांना 'जाती' हा शब्द उच्चारताना अवघडल्यासारखे होते; 'प्र' हा उपसर्ग लावला की सोवळे पाळल्याचे समाधान मिळते. हा संकोच आम्हांस मान्य नाही. जीवशास्त्रातली जाती सामान्यतः परस्परांत प्रजनन होते की नाही यावरून ठरते. समाजातली जात ते होऊ नये म्हणून घातलेल्या बंदीवर टिकते. जातिभेद हा वंशभेद नव्हे, हे डॉ. आंबेडकरांनी १९३६ सालीच 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये ठणकावून सांगितले होते. जीवशास्त्रातला शब्द शाबूत ठेवला, तरच 'माणसाची जाती एकच' हे वाक्य पुराव्यासकट बोलता येते. 'मानवजात' हा शब्द मराठीत कधीपासून आहे; त्याचे 'मानवप्रजात' करावे असे अद्याप कोणास सुचलेले नाही, हे नशीबच.

आमच्या अंबड तालुक्यात मोसंबीच्या बागा आहेत. जंबेरीच्या किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरतात. मुळे एकाची, फळ दुसऱ्याचे. शेतकरी वाणालाही कधी 'जात' म्हणतो हे खरे, पण खुंट कोणता आणि डोळा कोणता यात त्याची गल्लत होत नाही, कारण झाले तर नुकसान त्याचे असते. मोसंबी मुळात पपनस आणि संत्रा यांच्या संकरातून आलेली, असे संशोधन सांगते. ही कथा त्या शेतकऱ्याच्या मुलीला वर्गात मराठीतून सांगायची, तर वाण, जाती व प्रजाती हे तिन्ही शब्द आपापल्या जागी लागतात. एकानेच तिघांचे काम केले, तर ती पुढच्या वर्गात इंग्रजी संज्ञा पाठ करील आणि मराठीला या विषयापुरती रजा देईल.

'रूढी बलवान असते, शब्दांचे अर्थ बदलायचेच', असे आमचे भाषाशास्त्री मित्र म्हणतील. बदलावेत. जेनेरिक पदाला 'वंश' म्हणायचे ठरले तरी आमची हरकत नाही. काही लेखक तसे म्हणतातही. पण तेथेही वंशभेदातला 'वंश' आडवा येतोच, तेव्हा सोवळ्याची अडचण सुटत नाही. शिवाय एका लेखात वंश, दुसऱ्यात प्रजाती आणि बातमीत काहीही, याला रूढी म्हणत नाहीत.

आम्ही आमच्यापुरते इतके ठरवले आहे: अनुवादाच्या उत्तरपत्रिकेत 'हापूस प्रजाती' आढळली की एक गुण कापायचा. विद्यार्थ्यांना तशी आगाऊ सूचना दिली आहे.