काटा तपासता, मग स्पीडगन का नाही?

कापसाची गाडी जिनिंगच्या काट्यावर चढवण्याआधी काटा शून्यावर आहे का, वैधमापनचा शिक्का चालू आहे का, हे आपण पाहतो. काटामारीत पदरचे घालवून शिकलेली ही विद्या आहे. मग पोलिसांच्या स्पीडगनपुढेच आपण मुकाट्याने खिशात हात का घालतो? तेही मोजमापाचेच यंत्र.

गेल्या हंगामात आमच्या एका सोबत्याचा पिकअप शेवगावला कापूस टाकून परतत होता. आठ दिवसांनी मोबाइलवर चलन आले, जास्त वेगाचे. फोटोत दोन गाड्या: याचा पिकअप आणि त्याला मागे टाकणारी मोटार. रडारचा झोत लांबवर पसरत जातो. मोजलेला वेग दोघांपैकी कोणाचा, हे नुसत्या आकड्यावरून कळत नाही. सोबती म्हणाला, "जाऊ द्या भाऊ, दोन हजारांसाठी कोर्टात कोण जातो?" दोन हजार म्हणजे २०२५-२६ च्या ३,७४९ रुपये हमीभावाने अर्ध्या क्विंटलहून जास्त मालदांडी!

मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १८३ सांगते की एका साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावर शिक्षा नाही. अंदाजाला यंत्राचा आधार हवा. म्हणजे खटला उभा आहे तो यंत्रावर. ऑगस्ट २०२१ च्या नियम १६७-अ ने अशा यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र आणि त्याचे दरवर्षी नूतनीकरण सक्तीचे केले. २०२५ मध्ये केंद्राने रडार यंत्रांसाठी वैधमापनचे नियमही काढले: आधी तपासणी व शिक्का, मग वापर. आपल्या काट्यासारखेच.

यंत्र तिरपे धरले म्हणून वेग जास्त दिसला, ही तक्रार मात्र करू नका. तिरप्या कोनात रडार वेग कमीच दाखवते. आणि गाडी खरोखर पळवली असेल तर दंड भरा; हंगामात याच रस्त्यांवर अंधारात ऊसतोडीच्या बैलगाड्या असतात.

शंका असेल तर पैसे भरू नका. भरले की तडजोड झाली, प्रकरण मिटले. लोकअदालतीतही तडजोडच होते, यंत्राची तपासणी होत नाही. फोटो जपून ठेवा, वाहतूक पोलिसांकडे लेखी तक्रार करा, नाही ऐकले तर न्यायालयात प्रमाणपत्र मागा.

सोबत्याने दंड भरलेला नाही. त्या दिवशीच्या यंत्राचे प्रमाणपत्र माहिती अधिकारात मागितले आहे. उत्तर आले की पुढच्या बैठकीत वाचून दाखवू.