अपुऱ्या दिवसांचे बाळ घरी येते तेव्हा



महिना-दीड महिना काचेच्या पेटीत राहिलेले लेकरू घरी आले की गल्लीत पेढे वाटले जातात. आता संकट टळले, असे सर्वांना वाटते. आनंद रास्तच आहे. पण पेटीतली ऊब, मोजून दिलेले दूध आणि नर्सबाईंची नजर हे सगळे आता दहा बाय बाराच्या खोलीत घरच्यांनाच पुरवायचे असते. ते कसे, हे फारसे कोणी बसवून सांगत नाही.

३७ आठवडे भरण्याआधी जन्मलेले बाळ अपुऱ्या दिवसांचे. त्याच्या अंगावर चरबी कमी, म्हणून ते चटकन गार पडते. त्यासाठी शेगडी पेटवू नका. कोळशाचा धूर आणि ओव्याची धुरी त्याच्या कच्च्या फुप्फुसांना सोसत नाही. आईची छाती हीच खरी शेगडी. १९७८ मध्ये कोलंबियातील बोगोटा शहरात पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा डॉक्टरांनी बाळे आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. तीच कांगारू पद्धत. भारतासह पाच देशांत झालेल्या आणि २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, जन्मल्याबरोबर असे ठेवलेल्या कमी वजनाच्या बाळांचे मृत्यू पाव हिश्शाने कमी झालेले दिसले.

बाळाला फक्त लंगोट, टोपी, मोजे घालावेत. छातीवर उभे धरून मान एका बाजूला वळवावी, नाक मोकळे राहील असे पाहावे आणि वरून जुन्या सुती लुगड्याने बांधावे. एका वेळी निदान तासभर, दिवसात जमेल तितके जास्त. वजन अडीच किलोच्या आसपास गेले की बाळ स्वतःच वळवळून बाहेर येऊ पाहते. मग थांबावे.

पण चोवीस तास एकटी आई हे कसे करणार? तिचे जेवण, तिची झोप? आमच्या वस्तीतला एक हमाल कामावरून आला की आंघोळ करून रात्री आठ ते अकरा बाळाला छातीशी बांधून बसायचा. तेवढ्यात त्याची बायको जेवून झोपून घ्यायची. कट्ट्यावरची मंडळी हसली. त्याची आई आधी सुनेलाच बोल लावत होती, “दिवस नीट राखले नाहीत.” (पुष्कळदा कारण सापडतच नाही, कधी रक्तदाब, जंतुसंसर्ग किंवा जुळे असते. त्यात त्या पोरीचा काय गुन्हा?) आठवड्याभरात म्हातारी म्हणाली, “आण इकडे, दुपारी मी घेते.” बाळाचे वजन वाढले, आणि घरातली धुसफुसही कमी झाली.

दूध आईचेच. ओढायची ताकद नसेल तर स्वच्छ वाटीत पिळून बोंडल्याने किंवा चमच्याने, दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. गुटी, मध, पाणी घातलेले गाईचे दूध काही नको. बाळ हॉस्पिटलात असतानाच दूध कमी पडले तर दूधपेढीची चौकशी करावी. मुंबईच्या सायन हॉस्पिटलात १९८९ साली आशियातली पहिली दूधपेढी सुरू झाली.

नामकरण महिना-दोन महिने पुढे ढकला, पाहुणे रागावले तरी चालेल. सर्दी-खोकला असलेल्याने उंबरठ्याबाहेरूनच बघावे. हात साबणाने धुतल्याशिवाय बाळाला कोणी उचलू नये, आजोबांनीसुद्धा!

सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचे उपचार, औषधे आणि घरी सोडायची गाडी मोफत मिळावी, यासाठी जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम १ जून २०११ पासून आहे. आशाताईही घरी येऊन वजन करतात. त्यांना दारातून परत पाठवू नका.

बाळ दूध ओढेनासे झाले, हातपाय गार लागले, श्वास मिनिटाला साठाच्या वर गेला, श्वास घेताना छाती आत ओढली जाऊ लागली, ओठ निळसर किंवा तळवे पिवळे दिसले, तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

आम्हा कारकुनांना कागद जपायची सवय असते. डिस्चार्ज कार्डही तसेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून जपा. लसी जन्मतारखेप्रमाणेच द्यायच्या असतात. पण ज्या तारखेकडे हमखास दुर्लक्ष होते, ती डोळ्यांच्या तपासणीची. ३४ आठवड्यांआधी जन्मलेल्या किंवा दोन किलोहून कमी वजनाच्या बाळाच्या पडद्यावर रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढू शकतात. बाहेरून डोळा अगदी टपोरा, निरोगी दिसतो. वेळेत सापडले तर लेसरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचते. उशीर झाला तर मूल जन्मभर आंधळे होऊ शकते. पहिली तपासणी जन्मापासून चार आठवड्यांच्या आत, फारच लहान बाळाची त्याआधी दोन-तीन आठवड्यांतच. एकदा दाखवून भागत नाही, डॉक्टर थांबा म्हणेपर्यंत जावे लागते. त्या दिवसाची रोजी बुडेल, पण जा. आणि कार्डावर तारीख लिहिलेली नसेल तर हॉस्पिटलची पायरी उतरण्याआधी तिथेच लिहून घ्या.